ओहायोकरांचे सर

सरांना कुणी ‘कसे आहात’ असं विचारलं तर ते स्वतःबद्दल सांगत नसत. ‘निवडणूक हरलेत,’ म्हणायचे. किंवा, ‘सध्या खटला चालू आहे. डुकराचा.’ नवा माणूस गोंधळून जाई. जुन्यांना माहीत असे की ही खबर सरांची नाही, ओहायोकरांची आहे.

ओहायोकर म्हणजे एकोणिसाव्या शतकातले एक अमेरिकन वकील. ओहायो राज्यातल्या कुठल्याशा गावात खोगीर शिवणाऱ्याच्या घरी जन्मले, एका म्हाताऱ्या वकिलाच्या कचेरीत झाडलोट करता करता कायदा शिकले, बऱ्याच निवडणुका लढले, त्यातली एक जिंकले. पुढे पक्षातल्या लोकांना ते डोईजड झाले, म्हणून त्यांना राजदूत करून जपानला धाडलं. खरं नाव लांबलचक होतं. सरांनी त्याचं ओहायोकर केलं, आपल्याकडे सातारकर, नगरकर म्हणतात तसं. इतिहासात त्यांना कुणी विचारत नाही. सर त्यांचं चरित्र लिहीत होते. मी सरांना ओळखत होते त्या सगळ्या काळात ते हेच करत होते.

माझा त्यांच्याशी संबंध कामातून आला. इथे जपानमधे फुनाबोरी आणि कासाई या भागांत आपल्या लोकांना भाड्याने घरं मिळवून देणाऱ्या एका एजन्सीत मी नोकरी करते. नवऱ्याबरोबर इथे आले तेव्हा घरीच होते, मग भाषा शिकले आणि दुभाषी म्हणून लागले. जपानी घरमालक आणि भारतीय भाडेकरू यांच्या मधे बसायचं, इकडचं तिकडे सांगायचं. पहिल्याच दिवशी आमच्या साहेबांनी मला एक गोष्ट बजावली होती. घरमालक ‘हाय’ म्हणाला की भाडेकरूला ‘हो म्हणाले’ असं सांगायचं नाही. ‘हाय’ म्हणजे ऐकतोय. होकार पाहिजे असेल तर पुन्हा विचारायचं. मी ते आजपर्यंत पाळत आले आहे.

सर पुण्याचे. संशोधनाची शिष्यवृत्ती घेऊन आले होते, ती संपली, मग दोन-तीन कॉलेजांत इंग्रजी शिकवू लागले. सगळ्या नोकऱ्या एकेका वर्षाच्या. बायको आणि मुलगी बरोबर होत्या. मी त्यांना फुनाबोरीत तिसऱ्या मजल्यावर एक घर बघून दिलं. करार करताना घरमालकांनी विचारलं, हे गृहस्थ काय करतात? सरांनी मला मधे बोलू न देता आपल्या जपानीत सांगितलं, ‘ओहायोच्या माणसावर पुस्तक लिहितो.’ जपानीत ओहायो म्हणजे सकाळचा नमस्कार. घरमालकांची समजूत झाली की हा माणूस शिष्टाचारावर पुस्तक लिहितोय. तेव्हापासून ते सरांना रोज सकाळी मुद्दाम थांबून, कमरेत वाकून नमस्कार करत. सरही वाकत. हा गैरसमज दोघांनी शेवटपर्यंत सांभाळला.

सर दिसायला उंच आणि किडकिडीत होते. तपकिरी अर्धा स्वेटर बारा महिने अंगात. गणपतीत सभागृह भाड्याने घेऊन इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम व्हायचा, तिथे ते प्रसादाच्या टेबलाजवळ उभे राहायचे आणि जो सापडेल त्याला धरायचे.

‘वकील या शब्दाचा मूळ अर्थ माहितीय का?’

‘नाही सर.’

‘पेशवाईत वकील म्हणजे राजदूत. दरबारात दुसऱ्याची बाजू मांडणारा. म्हणजे ओहायोकर दोन्ही अर्थांनी वकील. गावी असताना कोर्टातले, इथे आल्यावर दरबारातले. असा दुहेरी वकील दुसरा दाखवा.’

‘नाही दाखवता येणार, सर. मोदक घ्या.’

मुलं तर त्यांना बघून पळायची. एकदा एका मुलाने आपल्या आईला जपानीत मोठ्याने विचारलं, हे काका ज्यांच्याबद्दल बोलतात ते वारले का? सरांनी ऐकलं. ते गंभीरपणे म्हणाले, ‘अजून नाही. अजून बरीच प्रकरणं आहेत.’

त्यांची बायको हे सगळं बाजूला बसून बघायची. ती माझ्या बरोबरीची, एका बालवाडीत मदतनीस होती. एकदा तिला मी विचारलं, कंटाळा नाही येत का गं? ती म्हणाली, ‘येतो ना. पण निदान माणूस कुठे असतो ते कळतं. कुणाचे नवरे दारूत असतात, माझा ओहायोत असतो.’

डुकराचा खटला म्हणजे ओहायोकरांचा पहिला खटला. एकाचं डुक्कर दुसऱ्याच्या मक्यात शिरलं, त्याने ते बांधून ठेवलं, खाऊपिऊ घातलं, ते लठ्ठ झालं. आता डुक्कर कुणाचं? ओहायोकरांनी डुकराच्या मूळ मालकाचं वकीलपत्र घेतलं. खटला जिंकले, पण डुकराने परत यायला नकार दिला. सोडलं की ते मक्याच्या शेतातच जायचं. सर ही गोष्ट सांगताना दरवेळी त्या वाक्याशी थांबत, आणि दरवेळी एकटेच हसत.

भूकंप झाला तेव्हा मी ऑफिसात होते. ते सगळ्यांनी लिहिलंय, मी लिहीत नाही. आमच्या भागात घरं उभी राहिली, आतल्या वस्तू पडल्या, गॅस आपोआप बंद झाला, गाड्या थांबल्या, लोक रात्रभर चालत घरी आले. खरा गोंधळ पुढच्या आठवड्यात. फुकुशिमाच्या बातम्या, नळाच्या पाण्याच्या बातम्या, दुकानात बाटल्या नाहीत, आणि आपल्या घरांमधून दर तासाला भारतातून फोन. मुलंबाळं असलेले भराभर निघाले. माझ्या टेबलावर किल्ल्यांचा ढीग झाला. कुणी परत येणार होतं, कुणी नव्हतं, बहुतेकांना ठाऊक नव्हतं. मी रिकाम्या घरांत जाऊन फ्रिज साफ करत होते.

सरांची बायकोही मुलीला घेऊन गेली. मुलगी तेव्हा सहावीत. ती जायला तयार नव्हती, जपानीत रडत होती, आईला मराठीत समजावता येत नव्हतं. सर म्हणाले, ‘तुम्ही पुढे व्हा. ओहायोकर नुकतेच योकोहामाला उतरलेत, आता मधेच सोडता येत नाही.’

त्यांच्या घराची पाहणी करायला मी दोन-तीन आठवड्यांनी गेले. भिंतीला भेगा वगैरे आहेत का ते एजन्सीला बघायचं होतं. सरांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या डोक्यावर सायकलचं हेल्मेट होतं. आत सगळी पुस्तकं जमिनीवर. कपाटं रिकामी, भिंतीला पाठ लावून उभी.

‘पुस्तकं उचलायला मदत करू का?’

‘पडली नाहीत. म्हणजे निम्मी पडली, उरलेली मी काढून ठेवली. जे पडायचं ते आधीच खाली असलेलं बरं.’

पुस्तकं नंतरही कधी वर गेली नाहीत. पुढे जेव्हा जेव्हा मी त्या घरात गेले तेव्हा पुस्तकांच्या मधल्या पायवाटांवरून जावं लागलं. एक वाट गॅसकडे, एक अंथरुणाकडे, एक टेबलाकडे. मुलीच्या टेबलाकडे जाणारी वाट होती, ती हळूहळू बुजली.

त्या उन्हाळ्यात ते माझ्या ऑफिसात आले. एक महत्त्वाचं प्रकरण लिहून झालं होतं आणि ऐकवायला घरात कुणी नव्हतं. जेवणाची सुट्टी होती, मी डबा उघडला आणि म्हटलं, वाचा.

ओहायोकर इथे एका करारासाठी आले होते. परदेशी लोकांवरचे खटले कुठल्या कोर्टात चालवायचे असा काहीतरी प्रश्न होता. त्यांनी कोर्टात करावं तसं सगळं मुद्देसूद मांडलं. समोर बसलेले अधिकारी प्रत्येक मुद्द्याला मान हलवत होते आणि ‘हाय, हाय’ म्हणत होते. दुभाष्या तरुण होता, त्याने ‘येस, येस’ असं भाषांतर केलं. ओहायोकरांनी त्याच दिवशी मायदेशी कळवलं, सगळं मान्य झालं. तिकडे वर्तमानपत्रांत छापून आलं. इकडे कुणी काही मान्यच केलं नव्हतं. हे उघड व्हायला वर्ष गेलं. मग त्यांना परत बोलावलं, आणि त्यांचं राजकारण तिथे संपलं.

सरांनी कागद खाली ठेवले. चेहरा फुलला होता. ‘एका शब्दाने माणूस बुडाला. हुशार वकील, पण पुन्हा विचारलं नाही.’

‘आमच्याकडे हे पहिल्या दिवशी शिकवतात,’ मी म्हटलं.

‘ओहायोकरांना तुमच्याकडे पाठवायला हवं होतं.’

‘पाठवा. घर बघून देईन. डुक्कर चालणार नाही.’

ते खूप हसले. त्यानंतर त्यांना तसं हसताना मी पाहिलं नाही.

दिवाळीच्या आधी एका सकाळी त्यांच्या बायकोचा मुंबईच्या विमानतळावरून फोन आला. मुलीला घेऊन ती पुण्याहून गाडीने आली होती. सरांचं विमान उतरून बराच वेळ झाला होता, सगळे प्रवासी बाहेर आले होते, सर आले नव्हते.

‘ताई, ते निघाले होते ना? तुम्ही बघितलंत का त्यांना?’

मी तशीच फुनाबोरीला गेले. नाही नाही ते मनात आलं. सरांनी दार उघडलं. हातात चमचा होता. पोहे खात होते.

‘तुम्ही इथे कसे?’ मी विचारलं.

‘मग कुठे असणार?’

‘बायको आणि मुलगी मुंबईला विमानतळावर उभ्या आहेत.’

त्यांनी चमचा बशीत ठेवला. मग सावकाश बोलले. रविवारी फोन झाला होता. ती म्हणाली, आता पुरे, दिवाळीला या आणि इथेच राहा, तिकीट काढून पाठवते.

‘मग तुम्ही काय म्हणालात?’

‘बरं म्हणालो.’

‘सर, बरं म्हणजे येतो.’

‘बरं म्हणजे ऐकलं,’ ते म्हणाले. ‘ती पुन्हा विचारेल असं वाटलं.’

‘तिने तिकीट पाठवलं.’

‘मेल मी बघितली नाही.’

मी त्यांच्यासमोर उभी होते, दोन पुस्तकांच्या ढिगांमधे. मला एकच सुचलं, तेच मी बोलले. ‘ओहायोकरांचं प्रकरण तुम्हीच मला वाचून दाखवलंत ना?’

त्यांनी हेल्मेट उचलून डोक्यावर घातलं. जमीन हलत नव्हती.

त्यांना खरोखर कळलं नव्हतं की कळून घ्यायचं नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही. एकदा मात्र ते बोलून गेले होते, ‘पुण्यात गेलो की पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारणार, इतकी वर्षं कुणावर लिहिताय? मग सांगावं लागेल, ज्याला इतिहासात कुणी विचारत नाही त्याच्यावर. इथे कुणी विचारत नाही.’ मला वाटतं, त्यात बरंच काही आलं.

त्यांच्या बायकोला मी त्याच दिवशी फोन करून समजावून सांगितलं. इथे राहून माणसाचं असं होतं, त्यांचं ‘बरं’ जपानी झालंय, ‘हाय’सारखं, त्याचा अर्थ हो असा नसतो. ती म्हणाली, ‘मला बघायला आले होते तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का? तेव्हाही बरं एवढंच म्हणाले होते. ते बरं पुण्याचं होतं, म्हणून लग्न झालं. ठेवते, ताई. मुलगी दमलीय.’

त्यानंतर तिने त्यांना ‘या’ म्हटलं नाही. तेही आपणहून गेले नाहीत. घटस्फोट, भांडण असं काही झालं नाही. रविवारी फोन व्हायचा, हवापाण्याच्या गोष्टी व्हायच्या. मुलगी पुण्यात मोठी झाली.

सरांची आणि माझी गाठ करार वाढवायच्या वेळी पडायची, दर दोन वर्षांनी, एरवी गणपतीत. दरवेळी थोडे आणखी वाळलेले असत. मी विचारायची, ‘कुठवर आले ओहायोकर?’

‘बोटीवर आहेत. परतीच्या.’

पुढच्या वेळी, ‘कुठवर?’

‘बोटीवरच.’

तिसऱ्यांदा मी म्हटलं, ‘सर, एवढी कसली बोट? पोहत गेले असते तरी पोचले असते.’

त्यांनी सही केली, पेनला टोपण लावलं. ‘ओहायोकरांची बायको जपानला आलीच नव्हती,’ ते म्हणाले. ‘गावीच राहिली. ते बोटीत असताना ती वारली. पण त्यांना ते माहीत नाही. तेव्हा बोटीवर कळवायची सोय नव्हती. बंदराला उतरल्यावर भाऊ न्यायला येतो आणि सांगतो.’ ते उठले. ‘तोपर्यंत बरे आहेत ते. डेकवर फिरतात. सहप्रवाशांना डुकराची गोष्ट सांगतात. तिच्यासाठी काय काय घेतलंय ते काढून बघतात. कशाला उतरवू?’

मी नाही विचारलं पुन्हा.

आजारपण घरमालकांच्या लक्षात आलं. दोन दिवस सकाळी ‘ओहायो’ म्हणायला सर खाली आले नाहीत, तेव्हा त्यांनी मला फोन केला. पोटाचं होतं आणि पुढे गेलेलं होतं. करारावर अडीअडचणीला कळवायची व्यक्ती म्हणून माझं नाव होतं, म्हणून हॉस्पिटलने मला बोलावलं आणि विचारलं, घरचं कुणी येणार आहे का?

आले. बायको आली, मुलगी आली. मुलगी आता नोकरी करणारी बाई झाली होती, पण तिचं जपानी सहावीतच थांबलेलं. ती नर्सशी लहान मुलीसारखं बोलायची, आणि नर्सही तिच्याशी नकळत तशाच बोलायच्या. सर ते डोळे मिटून ऐकत. बायको खुर्चीवर बसून संत्री सोलायची. ते दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. फार बोलले नसावेत. आठवडाभरात, दुपारच्या वेळी, ते गेले.

घर रिकामं करायला आम्ही तिघी होतो. इथे पुस्तकं दोरीने बांधून कागदाच्या कचऱ्याच्या दिवशी खाली ठेवायची असतात. आम्ही बांधत होतो. पायवाटा रुंद होत गेल्या आणि मुलीच्या टेबलापर्यंत पुन्हा जाता आलं. चरित्राचे कागद एका खोक्यात होते. बायकोने वरचे दोन-तीन उचलून पाहिले.

‘शेवटी घरी पोचले का हे?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘बोटीवर आहेत.’

‘राहू देत मग,’ ती म्हणाली, आणि ते खोकं दोरीने बांधलेल्या ढिगात न ठेवता आपल्या बॅगेत ठेवलं. घरमालक खाली उभे होते. दुपार टळून गेली होती, तरी त्यांनी वाकून सकाळचा नमस्कार केला. तिला कारण माहीत नव्हतं. तीही वाकली.

पण ती आली कशी, ते सांगायचं राहिलं.

हॉस्पिटलने विचारलं त्याच दिवशी मी तिला पुण्याला फोन केला होता. मी सगळं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाले तेही. ती रडली नाही. म्हणाली, ‘मी येते, ताई. आज तिकीट काढते. पण त्यांना मी यायला हवी असेन तर. एकदा त्यांना न विचारता मी विमानतळावर उभी राहिले, मुलीला घेऊन. आता त्यांना नको असताना त्यांच्या उशाशी नाही उभी राहणार. तुम्ही विचारा. ते काय म्हणतात तेच मला सांगा.’

मी वरच्या मजल्यावर गेले. सर खिडकीकडे तोंड करून पडले होते. बाहेर नदी आणि पलीकडे कारखान्यांची छपरं. स्वेटर घडी करून उशीजवळ ठेवला होता. मी जवळ जाऊन स्पष्ट आवाजात विचारलं, ऑफिसात विचारते तसं.

‘सर, तुमच्या बायकोशी बोलले. त्या यायचं म्हणताहेत. येऊ देत का?’

त्यांनी मान वळवली नाही. मला वाटलं ऐकलं नाही. मग म्हणाले, ‘बरं.’

मी पुन्हा विचारणार होते. तेवढ्यात नर्स रक्तदाब बघायला आली, पडदा ओढला, आणि तिचं होईपर्यंत त्यांना झोप लागली होती. मी थोडी थांबले. औषधाची झोप होती, ती लवकर उतरणारी नव्हती. तिकडे ती फोन हातात घेऊन बसली असणार. मी जिन्यात गेले आणि फोन लावला.

‘काय म्हणाले?’

‘बरं म्हणाले.’

पुण्यात कुठेतरी रिक्षा चालू झाल्याचा आवाज आला, आणि दूर गेला.

‘कुठलं बरं, ताई?’

‘पुण्याचं,’ मी म्हटलं.